‘रिट टाका, स्टे मिळतोच’ म्हणे!

‘टेंडर हरलात? घाबरू नका’ या मथळ्याचा मेसेज ठेकेदारांच्या ग्रुपांवर फिरतोय. पाच मुद्दे, शेवटी हात जोडलेले आणि ‘प्रत्येक छोट्या कंत्राटदारापर्यंत पोहोचवा’. परवा भाच्याने तोच मला पाठवला, खाली एक ओळ: ‘मामा, वकिलाला साधारण किती लागतील?’ भाचा एल थ्री आहे. म्हणजे सर्वात कमी दरापासून मोजलं तर तिसरा.

मेसेजमधला पहिला मुद्दा: ‘एल वनला (सर्वात कमी दरवाल्याला) काम द्यावंच लागतं.’ नाही लागत. टेंडर नोटीस ही खात्याची ऑफर नसते, ती ऑफर मागवणं असतं. ऑफर तुमची, ती स्वीकारायची की नाही हे खात्याने ठरवायचं. बहुतेक टेंडरांत ‘कोणतीही किंवा सर्व निविदा नाकारण्याचा अधिकार राखून ठेवला आहे’ ही ओळ असते, फक्त ती कोणी वाचत नाही. खात्याला मनमानी करता येत नाही आणि नाकारण्याचं कारण फाइलवर असावं लागतं, हे खरं. केंद्राच्या खात्यांत तर 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला 173 वा नियम सांगतो की विचारणा केली तर नाकारण्याचं कारण सांगायलाच हवं. पण कारण मिळवण्याचा हक्क वेगळा आणि काम मिळवण्याचा हक्क वेगळा.

‘रिट टाकली की स्टे मिळतो आणि स्टे मिळाला की साहेब स्वतः फोन करून तडजोड करतात.’ रिट म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्ध हायकोर्टात केलेली याचिका, स्टे म्हणजे स्थगिती. पाचांत सगळ्यात घातक मुद्दा हाच. एक तर ही न्याय मागायची नव्हे, अडवणुकीची शिकवण आहे. आणि ती चालतही नाही.

मुंबईचंच प्रकरण घ्या. बेस्टने फेब्रुवारी 2022 मध्ये 1400 वातानुकूलित इलेक्ट्रिक बससाठी टेंडर काढलं. अट अशी होती, की 80 टक्के चार्जवर, प्रत्यक्ष रस्त्यावरच्या परिस्थितीत, बस 200 किलोमीटर धावली पाहिजे. टाटा मोटर्सने ही धाव प्रमाणित चाचणीच्या परिस्थितीतली दाखवली आणि तांत्रिक फेरीत बाद झाली. हायकोर्टाने टाटांना बाद ठरवणं कायम ठेवलं, पण ज्यांना काम मिळालं त्या एव्ही ट्रान्सची निवडही रद्द केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. मे 2023 मध्ये कोर्टाने टाटांचं अपील फेटाळलं आणि एव्ही ट्रान्सची निवड परत उभी केली. काही ढळढळीत चूक दाखवल्याशिवाय कोणाची बोली घ्यायची यात रिट कोर्टाने आपला निर्णय लादू नये, आणि कंत्राट पुढे सरकल्यावर सगळी प्रक्रिया पुसून टाकणं जनहिताचं नाही, असं कोर्टाने म्हटलं. टाटांसारख्या कंपनीला एवढं लढून काही मिळालं नाही. पेव्हर ब्लॉकच्या टेंडरसाठी आपण कोण लागून गेलो?

याच्या वर्षभर आधी, मार्च 2022 मध्ये, झारखंडच्या एका रस्त्याच्या प्रकरणात (एन. जी. प्रोजेक्ट्स) सुप्रीम कोर्टाने आणखी स्पष्ट सांगितलं. निर्णय मनमानी वाटला तरी कोर्टाने शक्यतो काम थांबवू नये, अन्यायाने वगळल्याची भरपाई मागायला सांगावं. पायाभूत प्रकल्पाचं काम अडेल असा मनाई हुकूम देऊ नये, असं सांगणारी 20 अ आणि 41 (एचए) ही कलमं स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्ये 2018 साली आली, त्यांचा आधार घेतला. रस्ते, पाणी, वीज, सांडपाणी हे सगळं त्या कायद्याच्या पायाभूत प्रकल्पांच्या यादीत येतं. म्हणजे आपण ज्यांवर जगतो त्यांतली बहुतेक कामं.

भीती वाटावी अशी गोष्ट तर 1998 पासून सांगितलेली आहे. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या खापरखेडा वीज केंद्राच्या टेंडरमध्ये (रौनक इंटरनॅशनल) सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा स्टे उठवला आणि म्हटलं, स्टे मागणारा शेवटी हरला तर उशिराने वाढलेल्या खर्चाची भरपाई त्याच्याकडून घेण्याचा विचार व्हावा. त्या प्रकरणात रिट टाकणारी कंपनी स्वतःच पात्रतेच्या अटीत बसत नव्हती. खंडपीठापुढे पहिला प्रश्न हाच येतो: तुमचं स्वतःचं काय?

शिवाय एक बारीक बाब. बोलीची वैधता बऱ्याचदा 90 किंवा 120 दिवसांची असते. केस चालू असताना ती संपली आणि मुदतवाढीचं पत्र तुम्ही दिलं नाही, तर जिंकूनही हातात काही नाही. मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसावं, किंवा त्याला वकिलांची गिऱ्हाइकं वाढवायची असावीत.

‘अटी जाचक होत्या हे नंतरही म्हणता येतं.’ प्री-बिड (बोली भरण्याआधीच्या) बैठकीत गप्प बसलात, शुद्धिपत्रक आल्यावरही गप्प, बोली भरली, हरलात आणि मग अट जाचक? लेखी हरकत बोली भरण्याआधी द्यायची.

‘कागद राहिला तर खात्याने मागवावाच लागतो.’ जोडलेल्या कागदाचा खुलासा मागता येतो, पण न जोडलेला सक्तीचा कागद मागून आणणं म्हणजे दुसऱ्यावर अन्याय. पोर्टलवरून उतरवलेल्या बीओक्यूच्या (दर भरायच्या तक्त्याच्या) फाइलचं नाव बदललं, रकाना हलवला, की बोली बाद होऊ शकते. दर भरताना केलेली आकडेमोडीची चूकही नंतर दुरुस्त करून मिळेलच असं नाही. 2001 च्या पटेल इंजिनिअरिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ती करू दिली नाही.

‘आधी माहिती अधिकारात सगळे कागद घ्या, मग कोर्टात जा.’ अर्धं खरं. कागद मिळतात, पण उत्तराची मुदत 30 दिवस, आणि तोवर कार्यारंभ आदेश निघून जेसीबी साइटवर उतरलेला असतो. त्याऐवजी तांत्रिक लिफाफ्याचा (पात्रतेच्या कागदांचा) निकाल लागला त्याच दिवशी पोर्टलवरचा सारांश उतरवून ठेवा. आर्थिक लिफाफा (दरांचा) उघडायच्या आत कार्यकारी अभियंत्याला मुद्देसूद आक्षेप द्या, प्रत अधीक्षक अभियंत्याला, दोन्हीवर आवक क्रमांक आणि शिक्का. ईमेलही करा. उत्तर आलं नाही तर तीन-चार दिवसांत वकील गाठा, तीन महिन्यांनी नव्हे. याचिकेत काम मिळालेल्याला प्रतिवादी करायला विसरू नका. त्याने आधीच कॅव्हेट, म्हणजे ‘माझं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा अर्ज, घातलेलं असणार.

आणि हो, याचिका कधीच टिकत नाही असंही नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये बन्शीधर कन्स्ट्रक्शनच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने भारत कोकिंग कोल या सरकारी कोळसा कंपनीचा निर्णय रद्द केला. एका बोलीदाराला मुखत्यारपत्राच्या मुद्द्यावर बाद केलं, आणि ज्याला काम दिलं त्याने सक्तीचे कागद मुदतीत जोडलेले नसूनही त्याला पास केलं. एकाच टेंडरमध्ये दोघांना दोन मापं, तीही कागदावर दिसणारी. असं काही हातात असेल तर जरूर जा.

भाच्याला एवढंच विचारलंय: समजा एल वन बाद झाला. मग काम एल टूला जाईल. त्याच्याविरुद्ध तुझ्याकडे काय आहे? आधी ते सांग, वकिलाच्या फीचं नंतर बघू.