बसायचा व्यायाम

घरच्या घरी व्हिडिओ लावून व्यायाम करण्याची कल्पना नक्कीच तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाला सुचली असणार. दुसऱ्या मजल्यावर जम्पिंग जॅक्स सुरू केल्या की पहिल्या मजल्यावरच्या काकू वर येतात.

"मिरच्या कांडतोयस का रे?"

"काकू, व्यायाम करतोय."

"मग सावकाश कर ना."

सावकाश करायची सोय त्या व्हिडिओत नाही. ४५ सेकंद उड्या, १५ सेकंद विश्रांती. त्या १५ सेकंदांत मी पंचा शोधतो, तो सापडेपर्यंत पुढची शिट्टी वाजते. पडद्यावरचा प्रशिक्षक समुद्रकिनारी उभा राहून हसत असतो. त्याच्यामागे एक बाई ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी सोपा प्रकार दाखवते. मी तिच्याकडे बघून करतो. तीही मला मागे टाकते.

त्यातून बर्पी आली की संपलंच. खाली बसा, पाय मागे फेका, पुढे घ्या, उठा. १९३०च्या दशकात रॉयल बर्पी नावाच्या अमेरिकन गृहस्थाने तंदुरुस्ती तपासायला हा प्रकार काढला. चारदा करायचा आणि नाडी मोजायची, एवढंच. त्या भल्या माणसाने चाचणी दिली आणि व्हिडिओवाल्यांनी तिची शिक्षा केली.

शिवाय घरी परीक्षक असतात. आई सोफ्यावर गवार मोडत बसलेली. प्लँकमध्ये, म्हणजे कोपरांवर आणि चवड्यांवर अंग ताठ धरताना, माझी कंबर जरा खाली गेली की, "त्या बाईची नाही हो गेली." मी मोबाइल भिंतीकडे तोंड करून ठेवून पाहिला, पण आईला कसं ठेवणार?

म्हणून जिम. तिथे नुसती दांडीच २० किलोची. ती खांद्यावर घेऊन पाच बैठका काढल्या, दांडी स्टँडवर टेकवली आणि सवयीने पुढच्या शिट्टीची वाट पाहत उभा राहिलो. ट्रेनर म्हणाला, "सर, आता तीन मिनिटं बसा."

मी त्याला परत विचारून घेतलं. खरंच बसायचं होतं. जड वजन उचलताना स्नायूंतलं झटपट वापरायचं इंधन काही सेकंदांत उडतं आणि ते भरून यायला दोन-तीन मिनिटं लागतात, असं शास्त्र आहे. पाच-पाच बैठकांचे पाच सेट, सेटला अर्धा मिनिट. म्हणजे अडीच मिनिटं कष्ट आणि मधल्या चार विश्रांती मिळून बारा मिनिटं बैठक! जन्मभर ज्यासाठी बोलणी खाल्ली, ते इथे फी भरून आणि ट्रेनरच्या देखरेखीखाली करायचं.

तसे जिमचेही ताप आहेत. गाणी कर्कश, ट्रेनरचा डोळा आपल्याला पावडरचा डबा विकण्यावर. स्क्वॉटच्या, म्हणजे बैठकांच्या, रॅकपाशी एक तरुण फोनमध्ये डोकं घालून बसलेला असतो. "भाऊ, किती सेट राहिले?" "दोनच." या 'दोनच'मध्ये माझी अख्खी संध्याकाळ जाते. आणि पाय दुखतात ते त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तेव्हा खाली बसणं आणि बसल्यावर उठणं ही दोन स्वतंत्र संकटं असतात. भारतीय पद्धतीच्या संडासात तर दोन्ही एकाच भेटीत.

पण लोखंडाचा हिशेब चोख. व्हिडिओत घाम पहिल्या दिवशी आला तेवढाच महिन्यानेही येतो. सुधारलो की नुसताच भिजलो, कळायला मार्ग नाही. इथे दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची चकती वाढली की अडीच किलोंनी सुधारलो. वाद नाही. परवा भरलेला गॅस सिलिंडर, म्हणजे तीसेक किलोचा ऐवज, दारापासून ओट्यापर्यंत एकट्याने उचलून नेला. गडगडवत नाही, उचलून. आईने पाहिलं. मला वाटलं, आता कौतुक होणार.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता ते लोखंडी कपाट सरकव. मागे केर साठलाय."

"आई, मध्ये तीन मिनिटं बसायचं असतं. शास्त्र आहे."

"कपाट सरकव आणि मग बस. नंतर माळ्यावरचं पिंप काढायचंय."