टाकी रंगवली म्हणजे नवी झाली?

काल मेहुण्याने फोटो पाठवला. त्याच्या १९७२ च्या एअरस्ट्रीम ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायच्या, राहण्याच्या डब्याच्या) पुढच्या दांड्यावर दोन्ही प्रोपेन टाक्या चंदेरी स्प्रेने चकचकीत झालेल्या. खाली मजकूर, 'पैसे वाचले!' आणि सोबत इथल्या, अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर फिरणारा तो मेसेज: जुनं लोखंड जाड, टाक्या बदलू नका, तारीख आणि तिकोनी नॉब ही कंपन्यांची लूट, जुन्या व्हॉल्व्हच्या टाकीत गॅस जास्त मावतो, गळती झाली तर वास येतोच.

आधी तारीख. कॉलरवर, म्हणजे टाकीच्या वरच्या कड्यावर, ठोकलेल्या उत्पादनाच्या तारखेपासून १२ वर्षांनी टाकीची फेरतपासणी करावी लागते. नुसती नजरेने तपासली तर पुढची मुदत ५ वर्षांची. मुदत संपली की टाकी भरायची नाही. हे कंपनीचं म्हणणं नाही, अमेरिकेचा संघीय नियम आहे, ४९ सीएफआर १८०. आणि हाच माणूस सांगलीत असताना जुलैत 'बी-०९' (मुदत जून २००९ पर्यंत) लिहिलेला सिलिंडर दारातून परत पाठवायचा!

बरं, एक गोष्ट मान्य. आत उरलेला गॅस मुदतीनंतरही वापरून संपवता येतो. टाकीचा पत्रा धड असेल तर तपासून, नवा व्हॉल्व्ह लावून ती पुन्हा चालते. जुन्या ॲल्युमिनियमच्या टाक्या लोक अशाच जपतात. पण तपासणारा गंजाचे खड्डे शोधतो, आणि साहेबांनी नेमके त्यांवरच थर चढवलेत. खालच्या कड्यापाशी रंगाखालचे फोड फोटोतही दिसतात.

आता 'जास्त मावतो'. हे लिहिणाऱ्याला खरंच नमस्कार. टाकी ८० टक्केच भरायची असते, कारण शून्य अंशाला भरलेलं द्रव प्रोपेन ४० अंशाला जवळजवळ आठव्या हिश्शाने फुगतं. काठोकाठ भरलेल्या टाकीत त्याला जागाच उरत नाही. मग दाब चढतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि द्रवाच्या सुमारे २७० पट गॅस बाहेर पसरतो. तिथून काही फुटांवर, ट्रेलरच्या कुशीत, गॅसवर चालणाऱ्या फ्रिजची ज्योत जळत असते. तिकोनी नॉबच्या व्हॉल्व्हमधला तरंगता गोळा ८० टक्क्यांवर भरणं थांबवतो. १ एप्रिल २००२ पासून तो नसलेल्या लहान उभ्या टाक्या भरायला मनाई आहे, ती यासाठी.

वासाचं थोडक्यात सांगतो. वास प्रोपेनचा नसतो, त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन या उग्र वासाच्या रसायनाचा असतो. आणि टाकीच्या आतला गंज हा वासच खातो. शिवाय प्रोपेन हवेहून जड, जमिनीलगत साचतं. झोपलेल्या माणसाच्या नाकापर्यंत पोचायची घाई त्याला नसते.

मेहुण्याला सांगितलंय, दोन नव्या टाक्या घे, रेग्युलेटर आणि नळ्याही बदल. जुनी पितळी जोडणी सोडवताना पाना घड्याळाच्या दिशेने फिरव, तिचे आटे उलटे असतात. मागच्या वेळी अर्धा तास ती घट्टच करत बसला होता.