पुनर्विकासाची वाट पाहत तापत राहिलेली इमारत

आमच्या पाचपाखाडीतल्या सोसायटीत २०१६ पासून २०२३ पर्यंत प्रत्येक सर्वसाधारण सभेत एक वाक्य हमखास उच्चारले जात असे : "बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे, मग आता खर्च कशाला?" २०१६ साली एक विकासक येऊन गेला, हॉलमध्ये पडदा लावून नव्या इमारतीची चित्रे दाखवली गेली, प्रत्येकाने आपापल्या वाढीव चटईक्षेत्राचा हिशेब मनात मांडला आणि त्या दिवसापासून आहे त्या इमारतीकडे लक्ष देणे जवळजवळ बंद झाले. विकासक पुन्हा आला नाही. गच्ची गळत राहिली, पंपाचे बिल वाढत राहिले, वरच्या मजल्यावरची घरे दर उन्हाळ्यात अधिकाधिक तापत राहिली आणि सात वर्षे निघून गेली.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षे मेंटेनन्स विभागात काढली आणि निवृत्तीनंतर सोसायटीचा खजिनदार झालो. इमारत १९९४ ची, तळमजला अधिक सात मजले, दोन विंग, छप्पन्न घरे. ठाण्यात अशा शेकडो इमारती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक अजून दहा-पंधरा वर्षे तरी उभ्या राहणार आहेत. पुनर्विकास ज्यांना हवा आहे त्यांनी त्यासाठी जरूर प्रयत्न करावेत. माझे म्हणणे एवढेच आहे की जी दुरुस्ती आपल्याला आज ना उद्या करावीच लागते, तिच्याच पैशांत इमारत कमी तापेल आणि कमी वीज खाईल असे काम करून घेता येते, आणि पुनर्विकासाच्या आशेवर ते लांबणीवर टाकणे म्हणजे राहत्या माणसांना विनाकारण त्रासात ठेवणे आहे.

हे मला सातव्या मजल्यावरच्या एका काकूंच्या घरी उमगले. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, एकट्या राहतात. २०२३ च्या मे महिन्यात मेंटेनन्सची पावती द्यायला रात्री उशिरा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी गादी बेडरूममधून उचलून हॉलच्या दाराशी आणून टाकली होती. "भाऊ, पंखा लावला की वरून गरम हवा अंगावर येते, मग बंद करून दाराशी झोपते," त्या म्हणाल्या. मी स्टुलावर चढून छताला हात लावला. सूर्य मावळून चार तास झाले होते आणि छत तव्यासारखे नसले तरी कोमट भांड्यासारखे नक्कीच लागत होते. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता काही तासांनी, नेमकी माणसे झोपायला जातात तेव्हा, खाली सोडू लागतो. नागपूर-अकोल्यासारखी कोरडी हवा असती तर कुलरने थोडे भागले असते, पण आपल्याकडे खाडीची दमट हवा, तिथे कुलरचा काही उपयोग होत नाही. मग माणूस एसी लावतो आणि तो एसी रात्रभर खोलीच्या हवेबरोबर स्लॅबमधली उष्णताही उपसत बसतो.

गच्चीचे काम त्या वर्षी निघाले ते गळतीमुळे. मूळ ब्रिकबॅट कोब्यावर, म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या आणि सिमेंटच्या थरावर, २००९ साली आणखी एक कोबा घातला होता, कारण जुना काढण्याचे पैसे वाचवायचे होते. स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी पहिल्याच भेटीत सांगितले की या दोन थरांचे मिळून दर चौरस मीटरला तीनशे किलोहून जास्त ओझे स्लॅबवर बसले आहे, त्यामुळे तिसरा थर सोडाच, आधीचे दोन्ही उतरवा. ते उतरवून नवा एकच कोबा ढाळ देऊन घातला आणि वरचा थर कशाचा करायचा यावर कमिटीत दोन बैठका झाल्या. नेहमीची पद्धत म्हणजे राखाडी सिमेंटचा थर आणि त्यावर दोरीने पाडलेल्या चौकटी. मी पांढऱ्या चायना मोझॅकचा आग्रह धरला. पूर्वी आपल्याकडे सर्रास घालत असत ते हेच, सिरॅमिक टाइलचे तुकडे सिमेंटमध्ये बसवलेले. काळवंडलेले सिमेंट पडणाऱ्या उन्हातला फार थोडा भाग परत फेकते, तर स्वच्छ पांढरा पृष्ठभाग निम्म्याहून बराच अधिक भाग परत फेकतो. वाद मिटावा म्हणून कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्याकडून इन्फ्रारेड थर्मामीटर मागून आणला, गच्चीच्या एका कोपऱ्यात नमुन्यादाखल पांढरा पट्टा करून घेतला आणि दुपारी तीन वाजता सगळ्यांसमोर मोजले. जुन्या सिमेंटवर ५९ अंश, पांढऱ्या पट्ट्यावर ४३. हे आमच्याच गच्चीवरचे एका दुपारचे आकडे आहेत, त्यावरून सर्वत्र असेच होईल असा दावा मी करत नाही, पण सोळा अंशांचा फरक पाहिल्यावर विरोध करणाऱ्या दोन सभासदांनी स्वतःहून ठराव मांडला.

पांढऱ्या गच्चीला निगा लागते, हेही सांगितले पाहिजे. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळे धरते, वर्षभराची धूळ बसली की पांढरेपणा जातो आणि त्याबरोबर फायदाही जातो, म्हणून फेब्रुवारी संपताना ती घासून धुवावी लागते. आमच्याकडे आता ते काम सफाईच्या कंत्राटात लेखी घातले आहे. ज्या सोसायट्यांनी गळतीवर उपाय म्हणून गच्चीवर पत्र्याची शेड घातली आहे, त्यांच्याकडेही छताला सावली मिळते, पण शेडच्या बाजू मोकळ्या असतील आणि पत्रा फिक्या रंगाचा असेल तरच. चारी बाजूंनी बंद केलेली, गडद निळ्या पत्र्याची शेड म्हणजे स्लॅबवर ठेवलेली भट्टीच असते, आणि दुर्दैवाने अशाच शेड जास्त दिसतात.

आता पंपाविषयी. सोसायटीच्या कॉमन मीटरमध्ये सर्वांत दुर्लक्षित ग्राहक कोण असेल तर पाण्याचा पंप. आमच्याकडे साडेसात हॉर्सपॉवरचा पंप होता, मोटार तीन वेळा रिवाइंड केलेली, म्हणजे आतले तारेचे वेटोळे पुन्हा गुंडाळून घेतलेली, आणि तो रोज तीन तास चालत असे. वेगळा मीटर लावून पाहिले तर दिवसाला १८ युनिट. छप्पन्न घरांना रोज सुमारे ३६ हजार लिटर पाणी लागते. ते खालच्या टाकीतून वरच्या टाकीत, पाइपमधली घट धरून, सुमारे ३० मीटर चढवायचे तर भौतिकशास्त्राच्या हिशेबाने केवळ तीन युनिट ऊर्जा लागते. पंप आणि मोटार मिळून निम्मी कार्यक्षमता धरली तरी सहा. मग उरलेले बारा युनिट रोज कुठे जात होते?

उत्तर पंपरूममध्येच होते. पंपाच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह वॉचमनने अर्धा बंद करून ठेवला होता, कारण पूर्ण उघडला की पाइप धडधडायचा आणि पहिल्या मजल्यावरचे लोक तक्रार करायचे. पंप गरजेपेक्षा दुपटीहून मोठा होता. कधीतरी जुना जळाला तेव्हा प्लंबरने "मोठा घ्या, लवकर टाकी भरेल" असे सांगितले आणि आपण घेतला. म्हणजे एका बाजूने दाब निर्माण करायचा आणि दुसऱ्या बाजूने व्हॉल्व्ह आवळून तो मारायचा, असा उद्योग वर्षानुवर्षे चालू होता. इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पंपातले चक्र, झिजलेला होता. शिवाय वरच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याने पहाटे पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून वाहून जायचे, आणि ते पाणी आपणच वीज खर्चून वर चढवलेले होते. नवा पंप तीन हॉर्सपॉवरचा घेतला, फ्लोट व्हॉल्व्ह बदलला, टाकीत लेव्हल सेन्सर बसवला. आता तो दोन तासांहून थोडा अधिक चालतो आणि दिवसाला साडेसहा युनिटच्या आसपास घेतो. माझी कळकळीची विनंती आहे की कोणत्याही सोसायटीने मोटार चौथ्यांदा रिवाइंड करण्याआधी हा साधा हिशेब एकदा करून पाहावा.

जिन्यातल्या आणि पार्किंगमधल्या साठ जुन्या ट्यूब चोकसकट प्रत्येकी ५० वॉट घेत होत्या. त्या बदलून २० वॉटच्या एलईडी लावल्या, त्यामुळे दिवसाचे ३३ युनिट १३ वर आले. यात सांगण्यासारखे विशेष काही नाही, बहुतेक सोसायट्यांनी हे केलेच आहे. लिफ्ट दिवसाला १४ युनिट घेतात आणि त्या अजून तशाच आहेत, कारण नवी ड्राइव्ह, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणारी यंत्रणा, बसवण्याइतका निधी सध्या नाही.

हे आकडे मी मुद्दाम दिले, कारण पुढचा मुद्दा त्यावर उभा आहे. पूर्वी आमचा सामाईक वापर दिवसाला ६५ युनिट होता, आता तो ३४ च्या आत आहे, म्हणजे वर्षाला अकरा हजारांहून अधिक युनिटची बचत. गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापराच्या सौर यंत्रणेसाठी पीएम सूर्यघर योजनेत किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान मिळते, त्यामुळे २०२४ पासून प्रत्येक सभेत सोलरची मागणी होते आणि ती योग्यच आहे. एक किलोवॉटचे पॅनल आपल्याकडे वर्षाची सरासरी धरता दिवसाला साधारण चार युनिट देते आणि गच्चीवर शंभरेक चौरस फूट जागा घेते. जुन्या वापराला आम्हाला १६ किलोवॉट लागले असते, आता साडेआठ पुरतील. गळती आणि उधळपट्टी तशीच ठेवून वर पॅनल लावणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे आहे. आणि वॉटरप्रूफिंग न करता गच्चीवर सोलरचा सांगाडा उभा करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की दोन-तीन वर्षांत गळती सुरू झाली की तो सांगाडा सोडवून पुन्हा बसवण्याचा खर्च सोसायटीलाच करावा लागतो. ठाणे महापालिकेने नव्या इमारतींना सौर वॉटर हीटर बंधनकारक केले तेव्हा ठाण्याचे कौतुक झाले होते. आज आसपासच्या कितीतरी गच्च्यांवर त्याच हीटरच्या फुटलेल्या काचनळ्या आणि गंजलेल्या टाक्या पडून आहेत, कारण यंत्र बसवणे सक्तीचे होते, ते चालू ठेवण्याची जबाबदारी मात्र कोणीच घेतली नाही. नव्या पॅनलचे तसे होऊ नये असे मला मनापासून वाटते.

घरातल्या खिडक्यांबाबत मला स्वतःची चूक सांगायची आहे. २००३ साली मी गॅलरी बंद करून घेतली आणि तिथे सरकत्या काचा लावल्या. खोली मोठी दिसू लागली आणि घर कोंडले गेले. सरकती खिडकी कितीही मोठी असली तरी एका वेळी निम्मीच उघडते. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली नव्या निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आणली. त्या संहितेत उष्ण-दमट हवामानासाठी उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावे असे म्हटले आहे. मी माझ्या घराचे मोजले तेव्हा ते त्याच्या जवळपासही नव्हते. जुन्या इमारतींना ही संहिता लागू नाही, पण वारा इमारतीचे वय विचारून आत येत नाही. गेल्या वर्षी सरकत्या काचा काढून बाहेर उघडणारी तावदाने लावली, हॉलमधला जुना ७५ वॉटचा पंखा काढून २८ वॉटचा बीएलडीसी पंखा घेतला आणि एप्रिलमधल्या संध्याकाळी येऊरच्या बाजूचा वारा पुन्हा घरात यायला लागला. मे महिन्यात एसी लागतोच, पण पूर्वी संध्याकाळी सातला सुरू होणारा एसी आता अकराला सुरू होतो.

उरले आहे ते पश्चिमेच्या भिंतीचे काम. बाहेरून रंग आणि प्लास्टरची दुरुस्ती करायची म्हणजे परांची बांधावी लागते, आणि आठ मजली इमारतीची परांची हा एकूण खर्चातला मोठा भाग असतो. म्हणून परांची एकदा उभी राहिली की भिंतीच्या चिरा, फुटलेले ड्रेनेजचे पाइप, तुटलेले छज्जे, खिडक्यांच्या चौकटीभोवतीच्या फटी ही सगळी कामे त्याच वेळी उरकून घ्यावीत असा माझा आग्रह आहे. पूर्वीच्या दुरुस्तीत काही जणांनी ग्रिल बसवताना छज्जे फोडले आहेत. त्या खिडक्यांवर दुपारी दोनपासून थेट ऊन येते आणि काचेतून आलेले ऊन कोणत्याही पडद्याने पुरते अडत नाही, ते बाहेरच अडवावे लागते. मागच्या डक्टमध्ये एकाखाली एक लावलेली एसीची बाहेरची यंत्रेही हलवायची आहेत, कारण खालच्या यंत्राची गरम हवा वर चढते आणि वरचे यंत्र तीच पुन्हा आत ओढते. सध्या गडद करड्या रंगाची टूम आहे आणि कमिटीतल्या तरुण सभासदांना तोच हवा आहे. त्यांच्या आवडीचा मी आदर करतो, तरी पश्चिमेची भिंत फिकीच असावी यावर मी ठाम आहे.

अतिधोकादायक ठरलेल्या, सी-१ वर्गातल्या इमारतींविषयी मी हे लिहीत नाही. तिथे माणसांनी लगेच बाहेर पडणे हेच योग्य आहे. पण ज्या इमारतींचे खांब-तुळया सुस्थितीत आहेत त्या पाडणे म्हणजे तितके सिमेंट, पोलाद आणि वीट पुन्हा भट्टीत घालणे आहे, आणि नवा तीस मजली मनोरा उभा राहिला की पाणी शंभर मीटर चढवायचे आणि लिफ्ट त्याहून जास्त पळवायच्या, हा खर्च नव्या घराच्या चित्रात दाखवला जात नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचे पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्यांचे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते. त्याच अहवालाला कॉमन मीटरचा वापर, पंपाची कार्यक्षमता आणि गच्चीची स्थिती यांचे एक पान जोडणे सक्तीचे केले, तर सोसायटीला वेगळा सल्लागार नेमावा लागणार नाही. दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दरवर्षी गोळा करायचा असतो. तो निधी अनेक ठिकाणी मुदत ठेवीत नुसता पडून असतो, आणि पुनर्विकास झालाच तर त्या वेळी तो शिल्लक राहिल्याचे समाधान वरच्या मजल्यावर सात उन्हाळे काढलेल्या माणसाला काय कामाचे?

आमची वार्षिक सभा या सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आहे. नोटिशीत विषय क्रमांक सहा म्हणजे पश्चिमेच्या भिंतीची दुरुस्ती, छज्जे आणि रंग. तीन कंत्राटदारांची कोटेशन जोडली आहेत, परांची पाऊस पूर्ण थांबल्यावर, दिवाळीनंतर बांधायची आहे. नोटिशीच्या मागच्या बाजूला मी दोन वर्षांची कॉमन मीटरची बिले महिन्यागणिक छापली आहेत आणि त्याखाली काकूंच्या छताचे दोन आकडे दिले आहेत, दोन्ही मे महिन्यातले, रात्री अकराचे, त्यांच्या समोर मोजलेले : गच्चीच्या कामाआधी ३७ अंश, कामानंतर ३३. गादी आता पुन्हा बेडरूममध्ये आहे.