खुलासा : ख्रिस्ती मुलांना ‘तीन देव’ शिकवतात का?

पुण्यात सध्या एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज फिरतोय : ‘ख्रिस्ती लोक मुलांना तीन देव पाठ करायला लावतात आणि तान्हेपणीच बाप्तिस्मा देऊन कायमचं बांधून टाकतात.’ संडे स्कूलमध्ये शिकवणारी म्हणून सांगते, दोन्ही चूक.

आमच्या मुलांचा पहिला धडाच ‘देव एक आहे’ हा. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन देव नव्हेत, एकाच देवाच्या तीन व्यक्ती. इ. स. 325 मध्ये निकिया इथे भरलेल्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या परिषदेचा मतांगीकारही (विश्वासाचं अधिकृत निवेदन) ‘एका देवावर’ असाच सुरू होतो. येशूनेही सर्वांत मोठी आज्ञा सांगताना आधी देवाचं एकत्वच सांगितलं (बायबल, मार्क 12:29). हे गूढ लेकरांना समजावणं सोपं नाही. पाणी, बर्फ, वाफ हा दाखला मी मुद्दाम टाळते. त्यातून एकच देव नुसती रूपं बदलतो असा चुकीचा अर्थ निघतो.

बाप्तिस्म्याचं म्हणाल, तर बाप्टिस्ट पंथाच्या मंडळ्या तान्ह्या बाळांना तो देतच नाहीत. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चमध्ये बाळपणी आणि मोठेपणी, दोन्ही पद्धती चालतात. बाळपणी झाला, तरी समजत्या वयात दृढीकरणाच्या (विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीच्या) वेळी ‘माझा विश्वास आहे’ हे मुलाने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं असतं. त्याआधीच्या तयारीच्या वर्गात मुलं भरपूर प्रश्न विचारतात, आणि विचारावेत म्हणूनच तो वर्ग असतो.