घागरीतल्या छत्र्या

आमच्या घराण्यात भिंतीला एकच रंग चालत आलाय, क्रीम. आजोबांच्या जुन्या नाशकातल्या भाड्याच्या खोल्या क्रीम होत्या, वडिलांचं सिडकोतलं घर क्रीम होतं, आणि मी इंदिरानगरला फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने रंग कोणता देऊ म्हणून विचारलंसुद्धा नाही. आमच्याकडे बघूनच त्याला कळलं असावं. क्रीमचा मोठा फायदा असा की भिंत मळली आहे की मुळातच तशी आहे, याचा पाहुण्यांना पत्ता लागत नाही.

गेल्या पाडव्याला श्रीखंड वाढता वाढता ही म्हणाली, "अहो, आपला हॉल दवाखान्याच्या वेटिंग रूमसारखा दिसतो."

"शांत वाटतं ना?"

"तेच तर म्हणतेय."

दुसऱ्या दिवशी शेड कार्ड आलं. शेड कार्डात निळा, हिरवा असलं काही नसतं. तिथे प्रत्येक रंगाला इंग्रजी कवितेची एकेक ओळ चिकटवलेली असते आणि ती वाचून डोळ्यांसमोर कुठलाच रंग येत नाही. मी आणि बायको तासभर त्यावर डोकं फोडत बसलो. शेवटी आईने चष्मा चढवला आणि बोट ठेवत गेली. "हा चिंतामणी. हा आमसुली. हा अबोली, पण दहादा धुतलेला. हा गुलबक्षी, माझ्या मंगळागौरीच्या साडीचा. हा शेवाळी. आणि हा मोरपिशी, हा कुणालाच शोभत नाही."

हिने मोरपिशी ठरवला.

पेंटर अनुभवी होता. त्याने आधी भिंतीवर सात शेडची सात ठिगळं लावून दिली. सकाळच्या उन्हात त्यातलं तिसरं बरं दिसे, ट्यूबलाइटमध्ये पाचवं, आणि संध्याकाळी पिवळा दिवा लावला की सातही सारखीच, काळपट. आठवडाभर आम्ही पाहुण्यांना पोह्यांआधी भिंत दाखवत होतो. पेंटर म्हणाला, "ताई, कार्डावर आवडला त्याच्यापेक्षा दोन शेड फिका घ्या. एवढ्याशा चौकोनावर रंग एकटा असतो. खोलीत चारी भिंती एकमेकींवर रंग फेकतात, तो आणखी गडद होतो." चित्रकलेच्या वर्गात वर्षभर बसून मला जे कळलं नव्हतं ते या माणसाने शिडीवर उभं राहून सांगितलं. हिने ते ऐकलं, मान डोलावली आणि चारी भिंतींना गडदच मारायला सांगितला. पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर, वर दोन हात. पाचव्या दिवशी हॉलमध्ये पाऊल टाकलं तर नाक दाबून श्वास रोखावासा वाटला. शेजारचा चार वर्षांचा मुलगा दारातून डोकावला आणि म्हणाला, "काका, मासे कुठेयत?"

यावर उपाय म्हणून नक्षी आली. नक्षीचं एक शास्त्र असतं, ते मला तोंडपाठ झालंय. एक थोरली नक्षी, शेजारी एक बारीक, मध्ये भांडण सोडवायला पट्टे, आणि एखादा रंग खोलीत निदान तीन ठिकाणी दिसला पाहिजे, म्हणजे तो मुद्दाम लावलाय असं वाटतं. शास्त्र खोटं नाही. आमच्याकडे पडद्यांवर मोठाली कमळं आहेत, गादीवर बारीक बुट्टे, सतरंजीला पट्टे, आणि डाळिंबी रंग तीनच काय, अकरा ठिकाणी आहे. उश्यांचे अभ्रे आईच्या जुन्या इरकलीचे. तेवढे खरंच सुरेख झालेत. फक्त पदराचा भाग पाठीला टोचतो, त्यामुळे आमच्याकडे आलेला माणूस आता ताठ बसतो. येवल्याची पैठणी मात्र वाचली. ती आई रात्री उशाशी घेऊन झोपते. आपल्या जिल्ह्याची शान म्हणून नव्हे, घरात कात्री फिरते आहे म्हणून.

इथवर मी सोसत होतो. मग जुन्या वस्तू सुरू झाल्या.

जुन्या नाशकात वाडे उतरवले जातात तेव्हा त्यातलं सागवान कुठं जातं, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ते एका बोळातल्या गोदामात जातं आणि तिथे माझी वाट बघत बसतं. कोरीव खांब, तुळया, चौकटी, कड्या-कोयंडे, कुणाच्या तरी माजघराची झडपं. त्या ढिगाऱ्यात एक फडताळ होतं. पायाशी चार बोटं उंचीचा पाण्याचा डाग. मी तो दाखवून भाव पाडायला गेलो, तर मालक खुर्चीतून उठलाच. "साहेब, तो डाग नाही, इतिहास आहे. एकोणसत्तरच्या पुराचं पाणी लागलंय याला."

आता नाशिकच्या माणसापुढे पुराची गोष्ट काढायची म्हणजे बघा. आम्ही पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतच नाही. गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदावरीवरच्या, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत असा मोजतो. १९६९चा पूर आमच्या वडिलांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलाय की तो मीच पाहिला असं वाटतं. आणि त्या पुराचं पाणी या कपाटाच्या फक्त चार बोटं?

"कपाट वरच्या मजल्यावर होतं," मालक पापणी न लववता म्हणाला. डागाचे पाचशे जास्त घेतले.

फडताळ लिफ्टमध्ये मावलं नाही. चार हमालांनी ते तिसऱ्या मजल्यावर चढवलं आणि आमच्या दाराची एक झडप काढून आत घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याखाली चिमूटभर पीठ पडलं होतं. पुसलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आई म्हणाली, "छान. गिरणीच आणलीत." सुतार आला, कान लावून ऐकलं, म्हणाला कीड जिवंत आहे. मग औषध आणलं आणि इंजेक्शनच्या सिरिंजने एकेका भोकात सोडायचं काम माझ्याकडे आलं. चौसष्ट भोकं. मी रविवारची मिसळ सोडून जमिनीवर पालथा पडून एका कपाटाला इंजेक्शनं देत होतो, आणि माझी स्वतःची बीपीची गोळी त्या दिवशी राहून गेली.

त्यानंतर लक्ष्मीचं चित्र आलं. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि देवदेवता घराघरांत पोचवल्या, त्यातलंच हे अस्सल चित्र, असं विकणाऱ्याने सांगितलं. चित्र पिवळं पडलेलं, फ्रेमला जाळी, सगळं जागच्या जागी. मी घरी येऊन भिंग लावलं. जुन्या शिळाछापाच्या चित्रात भिंगाखाली रंगाचे वेडेवाकडे, हाताने टिपल्यासारखे कण दिसतात. आमच्या लक्ष्मीच्या गालावर ठिपके रांगोळीच्या कागदासारखे शिस्तीत उभे होते. म्हणजे ऑफसेट, नव्या जमान्याचं काम. मी परत जाऊन हे सांगितलं तेव्हा तो माणूस दुखावला. "ठिपके नवे असतील," म्हणाला, "पण लक्ष्मी जुनीच आहे ना?" याला काय उत्तर देणार? चित्र फडताळाशेजारी लावलंय. पिठाचा ढीग कमी झाल्यापासून तिची कृपा आहे असं आई मानते.

पण खरी हकीकत घागरीची. आईचा या जुन्या वस्तूंवरचा राग मी समजू शकतो. तिच्या लग्नात मिळालेले पितळी डबे, हंडे, तांब्याचा बंब हे सगळं तिने पंच्याऐंशीच्या सुमारास भांडी बाजारात मोडीत घातलं आणि रिक्षा भरून स्टील आणलं. त्या दिवशी तिने शेजारच्या चार घरांत पेढे वाटले होते म्हणतात. कल्हईवाल्याची वाट बघणं संपलं, दही कळकणं संपलं, राखेने आणि चिंचेने बोटांची सालं जाणं संपलं. आणि आता सून तेच पितळ वजनाच्या दुप्पट भावाने विकत आणून मोरपिशी भिंतीपुढे मांडते!

घागर तीन हजार आठशेची. गळ्याशी छिन्नीने ठोकलेल्या ठिपक्यांची अक्षरं होती, पण घासून घासून झिजलेली. 'द' लागत होता, पुढे काही नाही, मग 'सिन्नर', आणि आकडा १८८०. दुकानदाराने आकड्यावर बोट टेकवून नुसतं आमच्याकडे बघितलं. एकशे चाळीस-पंचेचाळीस वर्षांची घागर! हिने एका शब्दानेही घासाघीस केली नाही. घरी आल्यावर 'द' म्हणजे कोण यावर जेवणं झाली. ही म्हणाली द्वारकाबाई, मुलगी म्हणाली दमयंती. घागरीवरचा काळपट थर म्हणजे म्हणे तिचं वय, तो घासायचा नाही, घासला की किंमत उतरते. म्हणून द्वारकाबाई तशाच दाराशी उभ्या राहिल्या आणि पावसाळा लागल्यावर त्यांच्यात छत्र्या ठेवायला सुरुवात झाली. दिसायचं झकास, खोटं कशाला बोलू. वर कमळांचा पडदा, खाली घागर, त्यातून डोकावणाऱ्या तीन काळ्या मुठी.

श्रावणातल्या एका दुपारी आम्ही बाहेर गेलो असताना आईने ती घासली. चिंच, मीठ, वर पितांबरी. आम्ही दार उघडलं तर कोपऱ्यात सूर्य. हिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"आई! हे काय केलंत?"

"आधी वाच," आई म्हणाली. "मग ओरड."

अक्षरं लख्ख होती. श्री दत्त मंदिर, सिन्नर. शके १८८०.

मी खाली बसलो. शके १८८०, अधिक अठ्ठ्याहत्तर, म्हणजे १९५८. आईने हिशोब आमच्याआधीच केला होता. "माझ्याहून सात वर्षांनी लहान आहे ही. हिला अँटिक म्हणता, मग मलाही चार पैसे जास्त मोजा." आणि मग आवाज एकदम खाली आला. "वयाचं सोड. देवाच्या घागरीत तुम्ही दोन महिने ओल्या छत्र्या ठेवल्यात."

त्या रात्री छत्र्या बाथरूममध्ये गेल्या. चपलांचं कपाट जिन्यात गेलं. घागरीत पाणी आलं, वर नारळ आला, आणि एवढ्या खर्चाने मांडलेल्या कोपऱ्यात आम्ही अनवाणी वावरू लागलो. रविवारी आईने फर्मान काढलं, ज्याची त्याला परत.

सिन्नर काही लांब नाही, तीसेक किलोमीटर. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर घागर, तिला ओढणीने बांधलेली. विचारत विचारत दत्ताच्या देवळात पोचलो. एक आजोबा पायरीवर वाती वळत बसले होते. त्यांनी घागर उचलली, बुडाला टिचकी मारली, अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"असेल बुवा आमचीच. चार होत्या. नव्वदच्या आसपास आम्हीच मोडीत घातल्या आणि स्टीलची टाकी केली." मग आईकडे वळून म्हणाले, "राख-चिंच करायला रोज माणूस कुठून आणायचा, काय ताई?"

आईचा चेहरा असा फुलला की मी तो सत्यनारायणालाही पाहिलेला नाही. "हेच! हेच मी सांगतेय घरी!" पुढे अर्धा तास दोघं पायरीवर बसून स्टीलचं गुणगान करत होते. कळकत नाही, ठोकर लागली तरी पोचा येत नाही, पुसलं की झालं. ही मात्र गाभाऱ्याच्या दाराशी टांगलेल्या लामणदिव्याकडे ज्या नजरेने बघत होती ती ओळखून मी तिला हाताला धरून प्रदक्षिणेला नेलं.

घागर त्यांनी ठेवून घेतली नाही. ठेवू कुठे, म्हणाले. वर मूठभर फुटाण्यांचा प्रसाद घागरीतच टाकून दिला.

परतताना शिंदे-पळशाच्या अलीकडे पाऊस लागला. घरी पोचेपर्यंत तिघंही चिंब. दारात उभं राहून मी निथळती छत्री घेऊन बाथरूमकडे निघालो, तोच आई कोपऱ्यात घागर टेकवत म्हणाली, "ठेव इथेच. पण एकच. आणि आधी कोरडी कर."