गिळणारं शहर, फुटणारं शहर

पुणे महापालिकेचे दोन तुकडे करावेत की नाही, या वादाने आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कायमचा मुक्काम ठोकलाय. पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत घेतली, आणि क्षेत्रफळात पुणे मुंबईच्याही पुढे गेलं. रस्ते, पाणी, कचरा मात्र जिथल्या तिथे. मग पूर्वेच्या हडपसर-वाघोलीकडची मंडळी म्हणू लागली, खराडी-मगरपट्ट्याचा कर तुम्ही घेता आणि खर्च तिकडे पश्चिमेला कोथरूडला करता, त्यापेक्षा आमची आम्हाला वेगळी महापालिका द्या. उरुळी देवाची आणि फुरसुंगी तर महापालिकेतून बाहेर पडून नगरपरिषदेच्या वाटेला लागली. माझे दीर वाघोलीत राहतात, ते फाळणीच्या बाजूचे. माझी आई धायरीत. तिचं म्हणणं, तुकडे केले तर न येणारं पाणी नक्की कुणाकडे मागायचं, तेही कळणार नाही. दोघंही शेवटी माझ्याकडे वळतात, "तू सांग, तुमच्याकडे कसं असतं?"

आमच्याकडे दोन्ही नमुने आहेत, आणि मी दोन्हीकडे घर करून राहिले आहे. आधी ह्यूस्टन, आता अटलांटा. अमेरिकेच्या दक्षिणेतली ही दोन अवाढव्य शहरं. कॅलिफोर्नियाच्या घरांच्या किमतींना कंटाळलेला भारतीय माणूस नकाशा उघडून बसला की डॅलसच्या बरोबरीने हीच नावं निघतात. फरक असा की ह्यूस्टनने आयुष्यभर आजूबाजूचं गिळलं, आणि अटलांटाच्या आजूबाजूचं सगळं फुटत गेलं. ह्यूस्टन शहराची हद्द सोळाशे चौरस किलोमीटरच्या वर, २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २३ लाख. अटलांटा महानगर म्हणून साठ लाखांचं, पण खुद्द अटलांटा शहर जेमतेम पाच लाखांचं, साडेतीनशे चौरस किलोमीटरचं. बाकीची सगळी माणसं ‘अटलांटाला असतो’ असं सांगतात आणि मत भलत्याच महापौराला देतात. मी त्यांच्यातलीच, जॉन्स क्रीकची.

राहायला कुठे बरं, हे आधी सांगून टाकते, कारण मेसेज त्यासाठीच येतात. मला अटलांटा आवडतं. झाडं इतकी की विमानातून उतरताना खाली शहर आहे यावर विश्वास बसत नाही, रस्त्यांना चढउतार आहेत, थंडीत थंडी पडते, आणि दोन तासांत डोंगर. मार्चच्या शेवटी पाइनच्या परागांनी गाडी, अंगण, चपला सगळं हळदीकुंकवातल्या हळदीसारखं पिवळं होतं आणि निम्मी वस्ती शिंकत असते, तेवढं सोसायचं. ह्यूस्टन सपाट, दमट, डासांचं. पण खाण्यापिण्यात आणि माणसांच्या सरमिसळीत ह्यूस्टनची सर अटलांटाला नाही. हिलक्रॉफ्ट रस्त्यावरच्या महात्मा गांधी डिस्ट्रिक्टमध्ये भाजी, मिठाई, साडी, सोनं सगळं एका फेरीत व्हायचं, आणि शेजारी व्हिएतनामी, नायजेरियन, मेक्सिकन. तेल आणि मेडिकल सेंटर या दोन क्षेत्रांत नोकरी असेल तर ह्यूस्टनला पर्याय नाही. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही म्हणून लोक उड्या मारतात. घर घेतलं की तो आनंद ओसरतो. का, ते पुढे सांगते.

आम्ही सायप्रसला होतो, ह्यूस्टनच्या वायव्येला. पत्त्यावर गावाचं नाव, पण तिथे गाव नाही, नगरपालिका नाही, महापौर नाही. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत असे जवळपास वीस लाख लोक कुठल्याच शहरात मोडत नाहीत. ह्यूस्टनने पूर्वी हवं तेव्हा हवं ते आपल्यात ओढलं. १९९६ मध्ये किंगवुडच्या रहिवाशांनी आरडाओरडा केला, कोर्टात गेले, तरी हद्दवाढ झालीच. त्या कटुतेनंतर राज्याने नियम आवळत नेले आणि २०१७ आणि २०१९ च्या कायद्यांनी लोकांना न विचारता गिळण्याची सोय जवळपास संपवली. मग शहराबाहेर वाढणाऱ्या वस्तीला पाणी कोण देतं? इथे ‘मड’ येतो. म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टचं हे लघुरूप, आणि वाघोलीच्या माणसाने समजून घ्यावी अशी ती चीज आहे.

बिल्डर मोकळी जमीन घेतो आणि राज्याच्या परवानगीने तेवढ्या जमिनीपुरता एक मड स्थापन करून घेतो. मड रोखे काढतो. त्या पैशातून विहिरी, पाण्याच्या नळ्या, मैलापाणी शुद्धीकरण, पावसाचं पाणी साठवायची तळी हे सगळं होतं. घरं विकली जातात, आणि घेणारे पुढची वीस-पंचवीस वर्षं कर भरून ते रोखे फेडतात. आम्ही घर घेतल्यावर मालमत्ता कराचे कागद आले ते बघून माझा नवरा खुर्चीतच बसला. काउंटीचा कर, शाळा डिस्ट्रिक्टचा कर, काउंटीच्या सरकारी हॉस्पिटलांचा, पूरनियंत्रणाचा, बंदराचा, कम्युनिटी कॉलेजचा, अग्निशमनाचा, आणि सगळ्यात खाली मडचा. नव्या वसाहतींत ही बेरीज वर्षाला घराच्या किमतीच्या अडीच-तीन टक्क्यांवर जाते. आयकर वाचला तो असा बाहेर पडतो.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. आम्ही राहायला गेलो त्या दिवशी नळाला पाणी होतं. पुण्यात काय होतं? बांधकाम परवानगी देताना महापालिकेची लाइन येईपर्यंत पाणी मीच पुरवीन असं हमीपत्र बिल्डर लिहून देतो, सोसायटी ताब्यात देऊन मोकळा होतो, आणि मग उंड्री-पिसोळीपासून वाघोलीपर्यंत माणसं वर्षानुवर्षं टँकरवाल्याला फोन करत बसतात. दीर सांगतात, मेंटेनन्समधला मोठा हिस्सा टँकरवर जातो. म्हणजे मडसारखा कर तेही भरतातच. फक्त त्या पैशातून नळी कधी पडत नाही. फाळणीच्या भाषणांत हे कुणी बोलत नाही. नवी महापालिका झाली तरी ती पहिल्या दिवशी या हमीपत्रांचंच भेंडोळं हातात घेईल.

मडची दुसरी बाजूही आहे. जो तो आपल्या कुंपणातलं पाणी बघतो, आणि पाऊस कुंपण बघून पडत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळ ह्यूस्टनवर येऊन बसलं, काही भागांत चार-पाच दिवसांत चाळीस इंचांवर पाऊस झाला. शहराच्या पश्चिमेला अ‍ॅडिक्स आणि बार्कर अशी दोन धरणं आहेत. १९२९ आणि १९३५ च्या पुरांनंतर लष्कराच्या अभियंता विभागाने बांधलेली. ती एरवी कोरडी असतात. आत बागा, सायकलचे रस्ते, फुटबॉलची मैदानं. धरणाच्या आत आपण खेळतोय हे मुलांना काय, आईबापांनाही माहीत नसायचं. सरकारने धरण बांधलं, पण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर पसरेल तेवढी सगळी जमीन विकत घेतली नाही. उरलेल्या जमिनीवर हजारो घरं उभी राहिली. बार्करच्या फोर्ट बेंड काउंटीच्या बाजूला काही वसाहतींच्या मंजूर नकाशावर बारीक अक्षरांत तशी नोंदही होती, की ही जागा जलाशयाला लागून आहे आणि इथे नियंत्रित पाणी साठू शकतं. घर घेताना तो नकाशा कोण मागवून वाचतं? आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाचं घर तिथे होतं. पाऊस थांबून ऊन पडलं आणि त्यानंतरही त्यांच्या दिवाणखान्यात कितीतरी दिवस गुडघाभर पाणी होतं. धरणाखालच्या लोकांचं वेगळंच. भिंत वाचवायची म्हणून २८ ऑगस्टपासून दारं उघडली, आणि बफेलो बायू या ओढ्याच्या काठची कोरडी राहिलेली घरंही पाण्यात गेली. पुढे २०१९ च्या डिसेंबरमध्ये फेडरल कोर्टाने धरणाच्या वरच्या अंगाच्या नुकसानीला सरकार जबाबदार आहे असा निकाल दिला.

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा ग्रुपवर आलेले व्हिडिओ मला अनोळखी नव्हते. पाणी सोडणार जलसंपदा खातं, माणसं हलवणार महापालिका, नदीकाठच्या वरच्या गावांना परवानग्या देणार पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. नदीची निळी पूररेषा कुणी आखली आणि कुणी ओलांडू दिली, याचं उत्तर प्रत्येकाकडे दुसऱ्याचं नाव.

ह्यूस्टनकडून उचलण्यासारखं काही असेल तर ते या बाबतीत. हॅरिस काउंटीचं पूरनियंत्रण डिस्ट्रिक्ट १९३७ पासून आहे आणि त्याची हद्द शहराची नाही, अख्ख्या काउंटीची आहे. शहरात राहा, बाहेर राहा, त्याचा कर लागतो. हार्वेला वर्ष झालं त्या दिवशी, २५ ऑगस्ट २०१८ ला, अडीच अब्ज डॉलरच्या पूरनियंत्रण रोख्यांवर मतदान झालं आणि सुमारे ८५ टक्के लोक हो म्हणाले. टेक्ससमध्ये कर वाढवायला लोक हो म्हणतात, हे सांगूनही खरं वाटत नाही. कामं रेंगाळली, पैसे कुठल्या भागात आधी खर्च करायचे यावर भांडणं झाली, सगळं झालं. पण भांडायला एक टेबल होतं.

आता अटलांटा, म्हणजे दिरांचं स्वप्न. फुल्टन काउंटीच्या उत्तरेचा सँडी स्प्रिंग्ज हा सधन भाग. त्यांची तक्रार शब्दन् शब्द पूर्व पुण्याची: कर आमचा, खर्च दक्षिणेत. २००५ मध्ये मतदान झालं, ९४ टक्के लोकांनी वेगळं शहर मागितलं आणि डिसेंबरात ते झालंही. पोलीस आणि अग्निशमन सोडून जवळपास सगळा कारभार एका खासगी कंपनीला दिला. तेव्हा जगभरच्या मंडळींनी या प्रयोगाची आरती केली. २०१९ मध्ये त्यांनीच हिशेब केला, स्वतःची माणसं नेमली तर स्वस्त पडतं असं निघालं, आणि बहुतेक कामं पुन्हा आपल्याकडे घेतली. ही दुसरी बातमी पहिलीइतकी फिरली नाही. सँडी स्प्रिंग्जच्या पाठोपाठ आमचं जॉन्स क्रीक, मिल्टन, मग शेजारच्या काउंटीत डनवुडी, ब्रुकहेवन. श्रीमंत बकहेडलाही अटलांटा सोडून जायचं होतं. २०२३ मध्ये राज्याच्या सिनेटने ते विधेयक पाडलं, नाहीतर शहराच्या तिजोरीला केवढं भगदाड पडलं असतं.

आमचं जॉन्स क्रीक चालतं छान. खड्ड्याचा फोटो टाकला की दोन दिवसांत बुजतो, नगरसेविका किराणा दुकानात भेटते. दिरांना हेच हवंय आणि त्यात गैर काहीच नाही. पण त्यांना मी शाळेचंही सांगते. जॉर्जियात १९४५ च्या राज्यघटनेपासून नव्या शहराला स्वतःची वेगळी शाळाव्यवस्था काढता येत नाही. त्यामुळे शहर म्हणून आम्ही वेगळे झालो तरी शाळेचा कर फुल्टनच्या एकाच पेटीत जातो, आणि त्यातून दक्षिणेकडच्या गरीब भागातल्या शाळाही चालतात. ही एक गाठ कायद्याने बांधलेली राहिली म्हणून इतकी शहरं फुटूनही पोरांच्या शिक्षणाची वाटणी झाली नाही.

वाहतुकीला अशी गाठ नव्हती. मार्टा ही अटलांटाची मेट्रो १९७९ पासून धावते. शेजारच्या कॉब काउंटीने तिच्यात यायला साठच्या दशकातच नाही म्हटलं, १९७१ मध्ये ग्विनेट आणि क्लेटनने. क्लेटन २०१४ मध्ये आत आली. ग्विनेटला सार्वजनिक वाहतुकीच्या करासाठी २०१९, २०२० आणि २०२४ मध्ये पुन्हा विचारलं. तिन्ही वेळा नकार, २०२० मध्ये तर हजारभर मतांनी. नकारामागे करापेक्षा ‘शहरातले लोक’ आपल्याकडे येतील ही भीती जास्त होती, आणि ते लोक म्हणजे काळे, हे इथे सगळ्यांना माहीत आहे, बोलून कुणी दाखवत नाही. फुल्टन सुरुवातीपासून मार्टासाठी खरेदीवर एक टक्का कर भरते, म्हणजे मीही भरते. रेल्वे मात्र सँडी स्प्रिंग्जलाच संपते. मग आम्ही जीए-४०० या हायवेवर रांगेत. २८ जानेवारी २०१४ ला दोन-तीन इंच बर्फ पडला. शाळा, ऑफिसं, सरकारी कचेऱ्या एकाच वेळी सुटल्या, कुणीच कुणाला विचारलं नव्हतं. मुलं रात्रभर शाळांत झोपली, माणसं हायवेवर गाड्यांत. बर्फ तेवढाच बोस्टनला पडला असता तर बातमीही झाली नसती.

म्हणून दिरांना माझं उत्तर आतापर्यंत ठरलंय. वेगळी महापालिका करायची तर करा, मला त्यात पाप वाटत नाही. पण त्याआधी पाणी, पूररेषा, मैलापाणी, पीएमपीच्या बस आणि मेट्रो ही खाती दोन्ही महापालिकांच्या वरच्या एका संस्थेकडे द्या, तिला स्वतःचा कर आणि लोकांनी निवडलेली माणसं द्या. नुसती पीएमआरडीए नको. तिच्यावर कुणी मतदार रागावू शकत नाही. हिंजवडीत बघा, आयटी पार्क देशाला माहीत, पण तुंबलेल्या रस्त्यासाठी ग्रामपंचायत, एमआयडीसी आणि पीएमआरडीए अशा तीन दारांत उभं राहावं लागतं. आणि खराडीचा कर पूर्वेचाच, हा मुद्दा तर सोडूनच द्या. खराडीच्या ऑफिसात बसणारी निम्मी माणसं कर्वेनगर-धायरीतून दीड तास गाडी चालवत येतात.

दिरांना हे पटत नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी लिहिलं, "वहिनी, तुमचा खड्डा दोन दिवसांत बुजतो, मग तुम्हाला काय जातंय?" या प्रश्नात दम आहे. आईने खाली लिहिलं, "आमच्याकडे आज पण टँकरच."