रिकाम्या बेसला पैसे कशाचे? डेस्क पेनवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(तुम्हीच ‘साठी ओलांडलेला संग्राहक’ अशी ओळख दिलीत, म्हणून काका म्हणतो.) प्रतिक्रिया तुम्ही मनापासून लिहिलीत, त्यामुळे उत्तरही सविस्तर देतो. तुमच्या हरकती थोडक्यात अशा: डेस्क पेनच्या (टेबलावरच्या जड बेसमध्ये उभं ठेवायच्या पेनच्या) रिकाम्या बेसला पेनसकट सेटपेक्षा जास्त भाव येऊ शकतो हे माझं विधान चूक आहे. ज्याला मी ओनिक्स म्हटलं तो ओनिक्स नाहीच. तुमच्या हिरव्या बेसखालचा पेटंट नंबर १९ ने सुरू होतो, म्हणजे बेस १९२० च्या दशकातला, आणि तसाच एक बेस परदेशी साइटवर तीस हजारांना लावलेला आहे, मग मी ‘बेताची किंमत’ कशी म्हणतो? आणि पितळ घासू नका हा सल्ला आपल्याकडे कुणाला पटणार नाही.

ओनिक्सबद्दल तुमचं बरोबर आहे. खरा ओनिक्स गारगोटीच्या कुळातला, काठिण्य (मोहच्या १ ते १० च्या मापावर) ७. डेस्क बेसचा हिरवा किंवा मधाच्या रंगाचा पट्टेदार दगड म्हणजे कॅल्साइट, काठिण्य जेमतेम ३, संगमरवराचा सख्खा भाऊ. व्यापारात त्याला ओनिक्सच म्हणत आलेत आणि मीही तेच नाव वापरलं, पण फरक सांगायला हवा होता. नावाने किंमत बदलत नाही. जपणूक मात्र बदलते. आपल्या बोअरचं जड पाणी या दगडावर वाळलं की पांढरे ठिपके उरतात, ते काढायला घरात कुणीतरी लिंबू फिरवतं, आणि कॅल्साइट आम्लात विरघळतं. एका मिनिटात पॉलिश उडून तिथे निस्तेज, खडबडीत चट्टा पडतो. तो दगड पुन्हा घासून पॉलिश केल्याशिवाय जात नाही, आणि तसं केलं तर धारेचा मूळ उतार बिघडतो. ओलसर मऊ कापड आणि लगेच कोरडं कापड, एवढंच करायचं.

मुळात दगड आहे की नाही हे वजनावरून कळतं. फिटिंग काढलेली २० × १२ × २ सेंटिमीटरची पाटी ४८० घन सेंटिमीटर भरते. कॅल्साइटची घनता २.७, म्हणजे सुमारे १३०० ग्रॅम. काच असेल तर १२०० च्या आसपास. दगडासारखं दिसणारं साधं रेझिन सहाशेच्याही खाली. किराणा दुकानाचा काटा यासाठी पुरतो. धारा उतरत्या असतील तर थोडी घट धरावी लागते, आणि त्या घटीत काच नि दगड यांतला फरक बुडू शकतो. तेव्हा टवका बघावा: काचेचा टवका शिंपल्यासारखा वळणदार आणि चकचकीत असतो, कॅल्साइटचा सपाट पायऱ्यापायऱ्यांचा.

पण हा सगळा दगडाचा हिशेब झाला, आणि आपला खरा मतभेद इथेच आहे. तुम्ही दगड तोलताय. माझ्या मते बेसची किंमत सॉकेटमध्ये असते, म्हणजे पेन उभं राहतं त्या भोंग्यात. दगड कुणीही कापू शकतो. सॉकेट मात्र त्या-त्या कंपनीने त्या-त्या पेनच्या निमुळतेपणाला जुळवून घडवलेलं असतं. डेस्क पेनला टोपण नसतं, टोपणाचं काम सॉकेट करतं. पेनचा उतार सॉकेटच्या आतल्या उताराला अलगद टेकून हवा अडवतो, म्हणून निब सुकत नाही. ही जुळणी गेली की उरतो फक्त पेपरवेट.

जुळणी तपासायची कशी? आधी पेन उजेडात आडवं धरून फिरवा. वर्षानुवर्षं एकाच सॉकेटमध्ये बसलेल्या पेनवर जिथे सॉकेटचा काठ लागतो तिथे पुसटसं कडं उमटलेलं असतं, कधी फक्त चमक कमी झालेली असते. आता पेन सॉकेटमध्ये सोडा, दाबू नका, आणि कडं काठाशी जुळतंय का बघा. कडं दोन-तीन मिलिमीटर वर राहिलं किंवा आत बुडालं, तर पेन आणि बेस वेगवेगळ्या घरचे. मग विणायची सुई घेऊन सॉकेटची खोली मोजा, आणि पेनवर काठ लागतो तिथपासून निबच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. खोली किमान तीन-चार मिलिमीटर जास्त हवी. बरोबरीची असेल तर प्रत्येक वेळी पेन ठेवताना टोक तळाला आपटतं. टोकं वाकलेले इतके डेस्क पेन सापडतात, त्यामागे बहुतेक वेळा हीच परक्या सॉकेटची गोष्ट असते. शेवटची परीक्षा शाईची: भरलेलं पेन रात्री ठेवा, सकाळी पहिल्याच रेघेला शाई उतरली पाहिजे. एप्रिल-मे महिन्यातल्या सोलापुरात ही परीक्षा आणखी कडक होते, आणि त्यात पास झालेल्या सॉकेटवर निर्धास्त विश्वास ठेवावा.

यावरून माझं पहिलं विधान पुन्हा तपासा. सुटे डेस्क पेन बाजारात येत राहतात, कारण लांब शेपटीचं बिनटोपणाचं पेन खिशात बसत नाही आणि लोक ते विकून टाकतात. जड बेस पाठवण्याची कटकट असते, तो फुटतो, हरवतो, त्याला भोकं पाडली जातात. म्हणून शाबूत, मूळ सॉकेटचा रिकामा बेस घेऊन त्याला योग्य पेन शोधणं शक्य आहे. उलट, परकं पेन कोंबलेला ‘पूर्ण सेट’ म्हणजे पेनचे वेगळे पैसे आणि बिघडलेल्या सॉकेटचे वेगळे. तिथे सेट हा शब्दच खोटा.

सॉकेटची दुखणीही ओळखायला हवीत. जुनं काळं सॉकेट बरेचदा एबोनाइटचं, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचं, असतं. अंगठ्याने जोरात चोळलं की गंधकाचा वास येतो. उजेडाने ते तपकिरी-हिरवट पडतं, आणि गरम पाण्यात बुडवलं तर एका धुण्यात रंग जातो. खिडकीकडची बाजू फिकी आणि मागची काळी असेल तर हरकत नाही, तो प्रामाणिक म्हातारपणाचा रंग आहे. सगळीकडून एकसारखं झळझळीत काळं असेल तर रंग किंवा पॉलिश चढवलेलं असण्याची शंका घ्या.

मग सॉकेटखालचा सांधा. चांगल्या बेसवर तो चेंडूसारखा सगळीकडे वळतो आणि जिथे सोडाल तिथे थांबतो. ढिला झाला की लोक दोन चुका करतात. एक, तेल सोडतात. तेल दगडात मुरून भोकाभोवती काळसर वर्तुळ पडतं, ते निघत नाही. दोन, खालचा नट जोरात आवळतात. नट आणि दगड यांच्यामध्ये चामड्याचा किंवा फायबरचा वॉशर असतो, तो सुकून चुरा झालेला असतो, त्यामुळे धातू थेट दगडावर दाबला जातो आणि भोकापासून केसाएवढी चीर निघते. एक मिलिमीटर चामड्याचा नवा वॉशर घालायचा, हाताने आवळायचं, वर फार तर पाव फेरा. चीर आहे का ते बघायला ओला बोळा फिरवा: सगळा दगड वाळल्यावरही चिरेत पाणी थोडा वेळ राहतं आणि गडद रेघ दिसते. नैसर्गिक शीर नखाला लागत नाही, चीर लागते.

दोन अपवाद सांगतो, कारण त्यात चांगल्या वस्तू नाकारल्या जातात. एस्टरब्रुकच्या ‘डिप-लेस’ बेसमध्ये शाई पेनात नसतेच, बेसच्या काचेच्या दौतीत असते, आणि पेन ठेवलं की निब तिथून शाई ओढून घेते. ‘आत रबराची सॅक (शाईची पिशवी) नाही, पेन निकामी’ म्हणून ती टाकून देतात, पण सॅक मुळातच नव्हती. तिथे दौतीतला शाई वर चढवणारा भाग शाबूत आहे का एवढंच बघायचं. दुसरा पार्करचा मॅग्नेटिक्स. त्याचं सॉकेट चुंबकावर बसतं, त्यामुळे ते हातात सुटून आलं तर तुटलं असं समजू नका.

आता तुमचा नंबर. १९ ने सुरू होणारा सात आकडी अमेरिकन पेटंट नंबर म्हणजे १९ लाख अमुक, त्याचा १९२० शी काही संबंध नाही. १९२५ सालचा पहिला नंबर होता १५,२१,५९०. १९३० चा १७,४२,१८१. १९३३ चा १८,९२,६६३. विसाव्या लाखाचा टप्पा ३० एप्रिल १९३५ ला गाठला गेला. म्हणजे तुमचा नंबर १९३३ ते एप्रिल १९३५ यांच्यामधला. शिवाय पेटंट नंबर फक्त ‘याच्या आधीची वस्तू नाही’ एवढंच सांगतो. तोच ठसा कंपन्या पुढे अनेक वर्षं मारत राहत. नंबरआधी ‘डिझाइन’ किंवा ‘डी’ असेल तर तो वेगळ्याच क्रमातला, त्याला हे आकडे लावू नका. तुमचा बेस काही वर्षांनी तरुण निघाला याने मन खट्टू होईल, पण याने किंमत उतरत नाही. वयापेक्षा सॉकेटला जास्त पैसे आहेत हेच तर मी म्हणतोय.

तीस हजारांचं म्हणाल तर ती मागणी आहे, सौदा नाही. ईबेवर ‘सोल्ड’ चाळणी लावून तोच बेस खरंच किती वेळा आणि कितीला गेला ते बघा. त्यातही किंमत खोडलेली दिसली तर समजायचं की विक्रेत्याने कमी किमतीची ऑफर मान्य केलीय, आणि खरा आकडा साइट दाखवत नाही. त्या भावात सव्वा किलोच्या दगडाचा टपालखर्च आणि कस्टमही मिसळलेलं असतं का ते वेगळं काढा, कारण इथे सोलापुरात हातोहात घेणारा ते पैसे देणार नाही. त्यानंतर माझा ठोकताळा असा: मूळ सॉकेट नसेल तर झालेल्या सौद्याच्या निम्म्याहूनही खाली. भोकातून चीर निघाली असेल तर उरलेल्याच्या निम्मे. मागच्या धारेला दोन मिलिमीटरचा टवका असेल तर फार तर दहा टक्के कमी, समोर असेल तर दुप्पट. नंतर पाडलेलं जादा भोक असेल (आतली कड पांढरी, धूळ न मुरलेली) तर मी घेतच नाही. पेनची सॅक कडक झाली असेल तर मात्र भाव पाडू नका, ती बदलायला फारसं लागत नाही.

पितळ घासण्याबद्दल मी मागे हटणार नाही. देवघरातली समई रोज वापरातली वस्तू आहे, ती चिंचेने लखलखीत करायचीच. पण बेसवरचं धातूचं कडं बहुतेक वेळा सोन्याचा पातळ थर दिलेलं असतं. चार वेळा घासलं की खालचं पितळ वर येतं. ब्रॉन्झसारखी दिसणारी कुत्र्याची किंवा हत्तीची मूर्ती असेल तर ती बरेचदा जस्ताच्या मिश्रधातूवर रंग दिलेली असते. तळाशी न दिसणाऱ्या जागी बारीक ओरखडा काढला की सोनेरी दिसलं तर ब्रॉन्झ, राखाडी दिसलं तर जस्त. आणि बिदरी पेनस्टँड हाती आला तर चिंच जवळही नेऊ नका. त्यातही जस्तच जास्त असतं, आणि चांदीच्या नक्षीला उठाव देणारा काळा रंग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या द्रावणाने फक्त पृष्ठभागावर आणलेला असतो. तो गेला की पांढुरक्या जस्तावर पांढरी चांदी उरते, नक्षी दिसतच नाही.

एक ठेवणीचंही सांगतो, कारण फोटोत तुमचा बेस टर्किश टॉवेलवर दिसला. टॉवेल आपल्या गावचा अभिमान आहे, पण त्याचे फासे दगडाच्या टवक्यात आणि निबच्या चिरेत अडकतात. जुन्या धोतराचं धुऊन मऊ झालेलं कापड वापरा. आणि बेस पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, उन्हाळ्यात बेसखाली चिकटवलेल्या फेल्टचा (जाड मऊ कापडाचा) डिंक सुटतो आणि सेल्युलॉइडचं पेन वाकतं.

तुमच्या बेसची खरी किंमत सांगायची तर मला तीन फोटो लागतील: सॉकेटचा काठ वरून, पेनवरचं कडं तिरक्या उजेडात, आणि भोकाभोवतीचा दगड ओल्या कापडाने पुसल्यावर लगेच काढलेला. खालचं फेल्ट सोलू नका, मूळ फेल्टलाही पैसे आहेत.